रांगेत नाव कुणाचे?

(स्त्री-अभ्यास वर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे नाव ऐकून तुमच्यापैकी काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. अमेरिकेतील नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डची तुंबलेली रांग आणि ती हलावी म्हणून सुचवलेले कायद्यातले बदल, हा आपल्या गटाचा विषय कसा? मघाशी चहाच्या वेळी एकीने मला विचारलेच, ‘अगं, आपल्या वस्तीतल्या बाईला रेशन मिळत नाही आणि तू विमानाने गेलेल्या बायकांचे दुःख काय सांगत बसणार?’

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देते. या बायका गरीब नाहीत, हे मला मान्य आहे. त्यांच्यापैकी बऱ्याच जणी शिकलेल्या, उच्चवर्णीय, खात्यापित्या घरच्या आहेत. पण आपल्या चळवळीने वर्षानुवर्षे एक गोष्ट हेरली आहे. बाईला हक्क द्यायचा, पण तो नवऱ्याच्या नावामागून द्यायचा, ही ती गोष्ट. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे, घराच्या उताऱ्यावर नवऱ्याचे, रेशनकार्डावर पूर्वी ‘कुटुंबप्रमुख’ तोच. नवरा आहे तोवर बाईचे सगळे आहे. त्याने टाकले की काही नाही. याच कारणासाठी शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि बायकोच्या नावाने जमीन करा असे म्हटले. परित्यक्तांच्या परिषदा झाल्या त्याही याच प्रश्नावर. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या कायद्यात हीच वीण आहे. शिक्षण, इंग्रजी, पगार यांतले काहीही बाईला त्यातून वाचवत नाही. हा धडा आपल्या सगळ्याजणींच्या उपयोगाचा आहे.

आधी ही रांग म्हणजे काय ते समजून घेऊ.

अमेरिकेत नोकरीसाठी जाणारा आपल्याकडचा मुलगा बहुधा ‘एच-१बी’ नावाच्या व्हिसावर जातो. हा व्हिसा ठराविक मुदतीचा असतो. एकूण सहा वर्षे. तिथे कायम राहण्याचा परवाना म्हणजे ग्रीन कार्ड. त्यासाठी त्याची कंपनी अर्ज करते. ‘या कामाला इथला माणूस मिळत नाही’ असे आधी सरकारदरबारी दाखवावे लागते आणि मग त्या माणसासाठी अर्ज मंजूर होतो. ज्या दिवशी ही प्रक्रिया सुरू झाली, ती त्याची रांगेतली तारीख. अर्ज मंजूर झाला म्हणजे कार्ड मिळाले असे नाही, रांगेत उभे राहायला जागा मिळाली एवढेच. २००० सालच्या एका कायद्याने सोय केली, की रांगेत असलेल्याचा एच-१बी सहा वर्षांनंतरही वाढवून मिळावा. त्यामुळे माणसे परत येत नाहीत आणि पुढेही सरकत नाहीत. तिथेच लोंबकळत राहतात.

रांग तुंबली ती १९९० च्या कायद्याने. त्या कायद्याने नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला साधारण १,४०,००० ठरवली. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली सात टक्क्यांहून जास्त मिळू नयेत अशी मर्यादा घातली. सात टक्के म्हणजे सुमारे ९,८००. देश एकशेचाळीस कोटींचा असो की काही लाखांचा, मर्यादा तीच. दुसऱ्या देशांनी न वापरलेली कार्डे कधीमधी आपल्या वाट्याला येतात, पण गर्दीच्या मानाने ती थोडी. एच-१बी देताना मात्र अशी देशवार मर्यादा नाही. म्हणजे आत यायचे दार रुंद ठेवले आणि माजघरात जायचे दार अरुंद. मग ओसरीवर गर्दी होणारच.

किती गर्दी? वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये हिशेब मांडला. नोकरीवर आधारलेल्या सगळ्या श्रेणी मिळून सुमारे १८ लाख माणसे अडकलेली, त्यांत ११ लाख भारतीय. नव्याने रांगेत लागणाऱ्या भारतीयाला लागणारा काळ त्यांनी १३४ वर्षे काढला. याला ‘प्रतीक्षा’ म्हणणे ही भाषेची थट्टा आहे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला रांगेच्या तारखांचे एक पत्रक काढते. ऑक्टोबर २०२५ च्या पत्रकात भारतीयांसाठी दुसऱ्या श्रेणीची तारीख एप्रिल २०१३ ची होती. साडेबारा वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्यांचा नंबर तेव्हा लागत होता. आणि ही तारीख नेहमी पुढेच जाते असेही नाही. कधी कधी ती मागे येते.

आता आपला प्रश्न. या रांगेत बाई कुठे उभी आहे?

नवऱ्याच्या मागे. तिच्या व्हिसाचे नाव ‘एच-४’. म्हणजे आश्रित. काही बायका स्वतः एच-१बी वर आहेत आणि त्यांचे नवरे एच-४ वर, हे खरे. पण प्रमाण पाहाल तर चित्र स्पष्ट आहे. २०१५ नंतर एच-४ वर काम करायची परवानगी ज्यांना प्रथम मिळाली त्यांची २०१७ अखेरची मोजदाद अशी : सुमारे ९१ हजार जण, त्यांत ९३ टक्के भारतात जन्मलेले आणि ९३ टक्के स्त्रिया. सरकारी कागदावर हा दर्जा स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे. प्रत्यक्षात ती भारतीय बायकोची खोली आहे.

मी स्वतः नऊ वर्षे या व्हिसावर न्यू जर्सीत काढली, म्हणून थोडे त्याबद्दल सांगते. मी इथे कॉलेजात शिकवत होते. तिथे गेल्यावर कायद्याने मला एक डॉलरही कमावता येत नव्हता. कामाचा परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. तो नाही म्हणून घरभाड्याचा करार, फोन, वीज, कर्ज सगळे नवऱ्याच्या नावावर. गाडी चालवण्याच्या परवान्याची मुदतसुद्धा व्हिसाच्या मुदतीला बांधलेली. आमच्या इमारतीत दाताची डॉक्टर होती, वकील होती, सी. ए. होती. दुपारी आम्ही सगळ्या मुलांना बागेत नेत असू. इकडून आईचा फोन आला की ती म्हणे, ‘बरं आहे बाई, तुला आराम आहे.’ माझा नवरा चांगला माणूस आहे. तरी भाजीला पैसे मागताना घशात काहीतरी अडके. त्याचा चांगुलपणा हा माझा हक्क नव्हता, माझे नशीब होते. कायद्याने माझे आयुष्य नशिबावर सोपवले होते, हा माझा आक्षेप आहे.

आणि हे अटळ होते असेही नाही. कंपनीच्या परदेशी शाखेतून बदली होऊन येणाऱ्यांचा ‘एल-१’ नावाचा व्हिसा असतो. त्यांच्या बायकांना काम करू द्यावे असा कायदा अमेरिकन काँग्रेसने केला आणि तो २००२ च्या जानेवारीत लागू झाला. म्हणजे एकाच शहरात, एकाच कंपनीत, दोन भारतीय. एकाची बायको नोकरी करू शकते, दुसऱ्याची नाही. एच-४ च्या बायकांना २०१५ च्या मे महिन्यात वाट मिळाली, तीही कायद्याने नव्हे, सरकारी नियमाने, आणि ढोबळमानाने ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज मंजूर होऊन रांगेत आहे अशांनाच.

नियमाने दिलेले नियमाने काढता येते. हा नियम निघाला त्याच वर्षी त्याविरुद्ध दावा दाखल झाला. पुढच्या सरकारने तो रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला आणि तो प्रस्ताव मागे घेतला गेला २०२१ च्या जानेवारीत. न्यायालयाने २०२३ मध्ये नियमाच्या बाजूने निकाल दिला, अपील न्यायालयाने २०२४ मध्ये तो कायम ठेवला आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला. दहा वर्षे या बायका नोकरीवर जात होत्या आणि दहा वर्षे ती नोकरी टांगणीला होती. खटला संपला त्याच महिन्याअखेर दुसरा फटका बसला. पूर्वी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला, तर उत्तर येईपर्यंत काम चालू ठेवता येई. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांसाठी ही सवलत काढून घेतली. कागद वेळेवर आला नाही की कामावरून घरी बसायचे.

याहून कठीण गोष्ट पुढे आहे. घरात मारहाण असेल तर?

अमेरिकन नागरिकाची किंवा ग्रीन कार्डधारकाची बायको हिंसाचाराला तोंड देत असेल, तर १९९४ च्या तिथल्या स्त्रीहिंसाविरोधी कायद्याने ती नवऱ्याला न विचारता स्वतःचा ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकते. तिथल्या स्त्रियांच्या चळवळीचे हे मोठे यश. पण एच-१बी वाल्याची बायको त्यात बसत नाही. २००५ साली अशा पीडित पत्नींना कामाचा परवाना देण्याची तरतूद झाली. त्यासाठी अर्जाचा नमुना यायला आणखी दहा-बारा वर्षे गेली. आणि मिळतो तो कामाचा परवाना. घटस्फोट झाला की तिचा एच-४ दर्जा संपतो आणि त्याच्यामागून मिळालेली रांगेतली जागाही जाते. मूल तिथे जन्मलेले असेल तर ते अमेरिकन नागरिक. म्हणजे मूल राहू शकते, बाप राहू शकतो, आईने मात्र निघायचे. आता सांगा, अशी बाई पोलिसांना फोन करील का? आणि हे उंबरठ्यावरचे जगणे दोन वर्षांचे नाही. रांग जितकी लांब, तितकी वर्षे त्या नवऱ्याच्या हातात हे हत्यार. म्हणून मी म्हणते, ही तुंबलेली रांग स्त्रीहिंसेचा प्रश्न आहे.

नवरा चांगला असला आणि गेला, तरी तेच. २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्सस राज्यातील ओलेथ या गावी श्रीनिवास कुचिभोतला या इंजिनिअरला वंशद्वेषातून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांची पत्नी सुनयना दुमाला. नवऱ्याच्या मृत्यूबरोबर त्यांचा तिथे राहण्याचा आधारही गेला. अंत्यसंस्कारासाठी हैदराबादला आलेल्या या बाईला, आपण आपल्या घरी परत जाऊ शकू का, हीही चिंता करावी लागली. तिथले खासदार केव्हिन योडर यांनी मदत केली म्हणून त्या परतल्या. पुढे योडर यांनी देशवार मर्यादा काढण्याचे विधेयक उचलून धरले. विधवेला नवऱ्याची रांगेतली जागा काही अटींवर राखता यावी अशी सोय २००९ च्या दुरुस्तीत आहे. पण नंबर लागेपर्यंत तिने कुठल्या कागदावर राहायचे? एका बाईच्या दुःखाची बातमी जगभर झाली, म्हणून एक खासदार धावला. ज्यांची बातमी होत नाही त्यांचे काय?

मुलांचेही तसेच. इथून लहानपणी नेलेले मूल २१ वर्षांचे झाले की ‘आश्रित’ राहत नाही. २००२ च्या कायद्याने वय मोजण्यात थोडी सवलत दिली, पण दशकांच्या रांगेपुढे ती अपुरी आहे. तीन वर्षांची असताना गेलेली मुलगी एकविसाव्या वर्षी परकी ठरते.

आता वाद काय आहे तो पाहू. मुख्य बाजू तीन.

पहिली म्हणते, देशवार मर्यादा काढा. जो आधी आला त्याला आधी. हे विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १० जुलै २०१९ ला ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. सिनेटने आपले विधेयक बऱ्याच बदलांसह २ डिसेंबर २०२० ला मंजूर केले. पण दोन्ही सभागृहांचा एक मसुदा झाला नाही आणि मुदत संपून दोन्ही बारगळली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये असेच विधेयक पुन्हा मतदानाच्या दारापर्यंत आले आणि मागे घेतले गेले. भारतीय संघटनांचा जोर याच मागणीवर आहे. जन्म कुठे झाला यावरून माणसाला वेगळे वागवणे अन्यायाचे आहे, हा त्यांचा मुद्दा मला पटतो.

दुसरी बाजू विचारते, कार्डांची संख्या तेवढीच ठेवून मर्यादा काढली तर काय होईल? भारतीयांची रांग लहान होईल आणि इतरांची वाढेल. अमेरिकन काँग्रेसच्याच संशोधन विभागाने २०२० मध्ये सांगितले, की यामुळे एकूण रांग कमी होणार नाही, ती फक्त वेगळी वाटली जाईल. यात एक गोष्ट आपण बायकांनी लक्षात घ्यावी. या कार्डांवर परिचारिकाही जातात, फिलिपिन्समधून पुष्कळ. त्या आपल्या स्वतःच्या अर्जावर, स्वतःच्या नावाने रांगेत उभ्या असतात. २०१९ मध्ये याच कारणाने सिनेटमध्ये विधेयक अडले आणि परिचारिकांसाठी काही कार्डे राखावी लागली. आपल्या मुलीला मिळावे म्हणून फिलिपिनो नर्सच्या हातातून काढून घ्यायचे का? सिनेटर डिक डर्बिन यांनी तेव्हा वेगळा उपाय मांडला होता : संख्या वाढवा आणि बायको-मुलांना या मोजणीतून वगळा.

हा दुसरा भाग नीट ऐका. १,४०,००० कार्डे म्हणजे १,४०,००० नोकरदार नव्हेत. बायको आणि मुले त्याच आकड्यात मोजली जातात आणि निम्म्याहून अधिक कार्डे कुटुंबीयांनाच जातात. गंमत पाहा. काम करायचे म्हटले की बाई मोजायची नाही. रांग लांबवायची म्हटली की तिला पुरती मोजायची. कुटुंबीयांना मोजणीतून वगळले तर कुणाचे काही न काढता रांग दुपटीहून वेगाने हलेल. त्यात वाया जाणारी कार्डे घाला. महामारीमुळे २०२१ च्या आर्थिक वर्षात नेहमीपेक्षा खूप जास्त, सुमारे २,६२,००० कार्डे उपलब्ध होती. त्यांतली सुमारे ६६,००० सरकारी दिरंगाईने वाया गेली.

तिसरी बाजू तिथल्या कामगारांची. एच-४ च्या नियमाविरुद्ध कोर्टात गेलेले लोक दक्षिण कॅलिफोर्नियातील एका वीज कंपनीतले नोकरदार होते. आपल्या जागी स्वस्तात एच-१बी वाले आणले, असे त्यांचे म्हणणे. त्यांना शत्रू समजू नये. मालक ज्याला हलता येत नाही अशा कामगारावर खूश असतो. रांगेत अडकलेला माणूस नोकरी सहज सोडू शकत नाही, पगारावर भांडू शकत नाही. म्हणजे ही रांग तिथल्या कामगारालाही खाली ओढते. रांग मोकळी होणे त्यांच्याही हिताचे आहे. पण हे त्यांना सांगणार कोण? आपल्याकडचे लोक ‘आम्ही हुशार, आम्ही कर भरतो, आम्हाला आधी द्या’ एवढेच सांगतात. त्या ‘आम्ही’त बायको कुठे असते? सभेला ती फलक धरून उभी असते, मसुद्यात मात्र शेवटच्या पानावर.

माझे म्हणणे थोडक्यात असे. कुठलेही विधेयक आले की त्याला चार प्रश्न विचारावेत. बाईला काम करण्याचा हक्क नियमाने नव्हे तर कायद्याने, पहिल्या दिवसापासून मिळतो का? घटस्फोट किंवा मृत्यूनंतर तिची रांगेतली जागा आणि राहण्याचा आधार तिच्या स्वतःच्या नावावर राहतो का? मूल २१ वर्षांचे झाले म्हणून रांगेबाहेर फेकले जाते का? आणि आपला लाभ दुसऱ्या देशातल्या बाईच्या वाट्यातून येतो का? पहिल्या तिन्हींना ‘हो, हो, नाही’ आणि चौथ्याला ‘नाही’ असे उत्तर असेल तरच त्याला सुधारणा म्हणावे. नाहीतर नवऱ्याची रांग तेवढी लहान होईल. तिचे नाव मागेच राहील.

कायद्यात कुटुंबप्रमुख बदलता येतो. आपल्याच देशात २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख ठरवले. एका ओळीचा बदल, पण त्यामागे बायकांची कितीतरी वर्षे आहेत.

तिथला कायदा आपण इथे बसून बदलू शकत नाही. पण आपल्या सल्ला केंद्रात ‘अमेरिकेचे स्थळ आहे’ म्हणून येणाऱ्या आयांना आणि मुलींना काही गोष्टी आजच सांगू शकतो. मुलाचा पगार विचारता तसे त्याच्या रांगेची तारीख विचारा. लग्नानंतर ती काम करू शकेल का आणि कधीपासून, हे विचारा. मुलीचा जन्म भारताबाहेर, समजा दुबईत किंवा नैरोबीत, झाला असेल तर तेही सांगा. रांग जन्मदेशावर ठरते आणि बायकोच्या जन्मदेशाचा लाभ नवऱ्यालाही मिळू शकतो. या एकाच ठिकाणी हा कायदा तिच्या नावाने चालतो! आपला पासपोर्ट, व्हिसाची मंजुरीपत्रे, विवाहाचा दाखला, पदव्या यांच्या प्रती तिने स्वतःजवळ ठेवाव्यात आणि एक प्रत माहेरी. इथले बँक खाते बंद करू नये. आणि मारहाण झाली तर ‘व्हिसा जाईल’ या धमकीपुढे गप्प बसू नये. तिथे दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणारे गट आहेत, न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून आहे. वकिलाचा सल्ला नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलाकडून नव्हे, स्वतंत्र घ्यावा.

आणि मुलीचा फोन आला की, ‘आराम आहे ना?’ असे विचारू नका. ‘तुझ्या नावावर काय आहे?’ असे विचारा.